पंचवीस आदर्श केसेस

मेंदूविकाराच्या शेवटच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले, तेव्हा माझ्याकडे अभ्यासाचं साहित्य कमी होतं असं माझा शत्रूही म्हणाला नसता. दोन खंडांतला जाडजूड परदेशी ग्रंथ होता, शिवाय तोच ग्रंथ मोबाइलमध्येही होता. सीनिअर्सच्या नोट्स होत्या, त्यांच्या सीनिअर्सच्या नोट्स होत्या, आणि झेरॉक्सची झेरॉक्स होत होत ज्यातल्या मेंदूच्या आकृत्या आता नुसत्या शाईच्या डागांसारख्या दिसायच्या अशा कुणाच्या तरी नोट्सही होत्या. कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला मला लांबून ओळखायचा. मी एक चोपडी द्यायचे आणि तो दुसरी पुढं करून म्हणायचा, “मॅडम, ये भी निकालू क्या? कल सब लेके गए.” सगळ्यांनी नेली म्हटल्यावर मीही न्यायचे. दीडपट वेगानं ऐकायची व्याख्यानं होती. मोबाइलवर एक प्रश्नपेढी होती, ती रोज सकाळी ‘काल तुम्ही आला नाहीत’ असा टोमणा मारायची. सासूनंही मारला नसता असा.

पुंडलिकनगरात वरच्या मजल्यावर माझी भाड्याची खोली होती. भिंतीवर हिरव्या-लाल चौकटींचं वेळापत्रक. नळाला पाणी यायच्या दिवशी ते सगळं कोलमडायचं, कारण त्या दिवशी माणूस बादल्या, पिंप आणि टाकी यांच्या मध्ये धावत असतो आणि मेंदूच्या देठातल्या नसा क्रमानं आठवत नाहीत. पण माझ्या नापास होण्याचं खापर मी पाण्यावर फोडणार नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कारण स्पष्ट सांगितलं होतं. “माहिती भरपूर आहे, मांडणी विस्कळीत आहे.”

आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक रुग्ण देतात. तासाभरात त्याच्याशी बोलायचं, डोक्यापासून तळपायापर्यंत तपासायचं आणि मग परीक्षकांपुढे ठरलेल्या क्रमानं सगळं मांडायचं. आधी ‘कुठे’, मग ‘काय’. म्हणजे बिघाड मेंदूत आहे, मणक्यातल्या मज्जारज्जूत आहे, नसेत आहे की स्नायूत, हे आधी ठरवायचं. तो गाठीमुळे, रक्तस्रावामुळे की आणखी कशामुळे, हे नंतर. आमच्या विभागप्रमुख सरांचा यावर फार जोर. फिल्म, म्हणजे एमआरआय, नंतर बघायची. आधी रुग्ण बघून ‘कुठे’ ते कागदावर लिहायचं. आम्ही हो म्हणायचो आणि फिल्म आधी बघायचो. उत्तर समोर असताना ते झाकून गणित सोडवायला वेळ कुणाला होता?

नापास झाल्यावर मी मांडणीच्या मागे लागले. पिवळ्या पुठ्ठ्याची एक वही घेतली आणि परीक्षेत हमखास येणाऱ्या पंचवीस आजारांच्या पंचवीस आदर्श केसेस तीत लिहून काढल्या. मानेत मज्जारज्जू दाबला गेलेला रुग्ण: तो काय तक्रार सांगेल, तपासणीत काय सापडेल, काय सापडणार नाही, कुठलं वाक्य आधी आणि कुठलं नंतर. सगळं सुबक अक्षरात. चार महिन्यांत ती वही मला इतकी पाठ झाली की भाजी निवडताना ओठ हलायचे. ज्युनिअर्सनी तिची झेरॉक्स मागितली तेव्हा मी आधी नाही म्हटलं आणि मग दिली, आणि मनातून फुशारले. नापास झालेल्या बाईच्या नोट्स मागतायत म्हणजे नोट्स नक्की चांगल्या असणार.

अशा दिवसांत ओपीडीत ते काका आले. फुलंब्रीजवळच्या एका गावचे, साठीच्या आसपासचे, सोबत काकू. काका निवृत्त कंडक्टर होते. चालताना तोल जातो, पाय भरून येतात, सहा महिन्यांपासून वाढत चाललंय, अशी तक्रार. खुर्चीत बसायच्या आधीच काकूंनी फिल्मचा मोठा लिफाफा टेबलावर ठेवला. गावाकडच्या डॉक्टरांनी मानेचा एमआरआय काढून घेतला होता. बाहेर रांग जिन्यापर्यंत गेलेली. मी लिफाफा उघडला, फिल्म खिडकीकडे धरली. मानेतली एक चकती मागे सरकून मज्जारज्जूला टेकलेली. माझ्या वहीतली सातव्या नंबरची केस.

काका काहीतरी सांगत होते. “तीस वर्सं हालत्या गाडीत उभा ऱ्हायलो मॅडम, कशाला धरलं नाय कदी. अन् आता तोंड धुताना झोक जातो बघा.” मी हं हं म्हणत होते. गुडघ्यांवर हातोडी मारली, ते जोरात उडाले. तळपायावर रेघ ओढली, अंगठा वर गेला. हातांची ताकद पाहिली. हे सगळं सातव्या केसला चपखल बसत होतं, आणि बसलं म्हटल्यावर बाकीचं मी केसपेपरवर लिहून टाकलं. घोटे: जोरात. पायाच्या बोटांची स्थितीसंवेदना, म्हणजे डोळे मिटून बोट वर की खाली ते कळणं: शाबूत. क्रमानं, सुबक, चार ओळींत. काकांना मानेचा पट्टा दिला, मणक्याच्या सर्जनकडे पाठवलं. सर्जननी फिल्म बघितली, माझी टिपणी वाचली आणि ऑपरेशनची तारीख दिली, सहा आठवड्यांनंतरची. मला समाधान वाटलं. परीक्षेत हीच केस यावी असंही वाटलं.

दीड महिन्यानं, एका शनिवारी, काका आमच्या वॉर्डात होते. ऑपरेशन मंगळवारी. शुक्रवारीच भरती झाले होते, चालणं आणखी बिघडलं होतं, आता काकूंचा खांदा धरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं. मानेला पट्टा तसाच. उन्हाळ्याचे दिवस, पट्ट्याखाली घामोळं उठून कातडी लाल झाली होती, पण डॉक्टरनं सांगितलंय म्हणून त्यांनी तो झोपतानाही काढला नव्हता.

माझी परीक्षा चार आठवड्यांवर आली होती. दुपारी तीन वाजता, वॉर्ड जरा शांत असतो तेव्हा, मी आणि पहिल्या वर्षाची एक ज्युनिअर सराव करायचो. एक दिवस ती विद्यार्थिनी आणि मी परीक्षक, दुसऱ्या दिवशी उलट. त्या दिवशी मी परीक्षक होते. ती दोन महिने अतिदक्षता विभागात होती, त्यामुळे काकांची फिल्म तिनं पाहिली नव्हती आणि केसपेपर मी उशाखालून काढून माझ्याजवळ घेतला होता. आदर्श केस कशी असते ते तिला कळावं म्हणून मी मुद्दाम त्यांनाच निवडलं. मोबाइलवर वेळ लावली आणि स्टुलावर बसले.

ती फार हळू काम करायची. मला तिचा रागच यायचा. काकांना ती घरचं विचारत बसली, गाडीवर कुठला मार्ग होता, किती वाजता उठायचे, जेवण काय. काका खुलले. शाकाहारी, दूध आवडत नाही, बारा वर्षांपासून साखरेची गोळी, आणि रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, “मॅम, दोनच मिनिटं.” आणि मग तिनं विचारलं, “काका, चालताना चप्पल निसटते का?”

“निसटती की.”

“निसटली ते कळतं का?”

उत्तर काकूंनी दिलं. “कुठलं कळतंय! मागल्या आठवड्यात एक चप्पल पायात अन् एक रस्त्यात. हे आपले तसेच दुकानापर्यंत गेले. पोरं मागनं वरडत आली, तवा कळलं.”

हा प्रश्न त्या जाड परदेशी ग्रंथात नाही. तिकडं लोक बुटाच्या नाड्या बांधतात. आपल्याकडच्या कुठल्या तरी जुन्या मास्तरांनी तो शोधला असणार आणि तो तोंडातोंडी आमच्यापर्यंत आला. चप्पल निसटली आणि ते माणसाला कळलं, तर बोटांची पकड गेलेली असते. निसटली आणि कळलंच नाही, तर पायाकडून मेंदूकडे खबर नेणारा रस्ता बंद झालेला असतो. पाय कुठे आहे हे माणूस डोळ्यांनी बघून ठरवत असतो. म्हणूनच तोंड धुताना, डोळे मिटले की, झोक जातो. काकांनी हे मला दीड महिन्यापूर्वी स्वतःहून सांगितलं होतं. आणि चपलेचा प्रश्न माझ्या पिवळ्या वहीत, अठराव्या केसमध्ये, गुलाबी मार्करनं रंगवलेला होता. ज्युनिअरनं तो माझ्याच वहीच्या झेरॉक्समधून पाठ केला होता. झेरॉक्समध्ये रंग आला नाही, तरी तिनं तो विचारला.

तिनं काकांना डोळे मिटायला लावले, पायाचा अंगठा दोन बाजूंनी धरला आणि खाली वाकवला.

“वर की खाली, काका?”

“वर.”

“आता?”

“हालवला व्हय? मला काय कळलं नाय.”

मी स्टुलावरून उठले. हातोडी घेऊन घोट्यांवर मारली. एकदा, दोनदा, पाय लटकता ठेवून परत. काही नाही. मान दाबली गेलेली असती तर घोटे गुडघ्यांसारखेच उडायला हवे होते. माझ्या केसपेपरवर ते उडत होतेच. ज्युनिअर माझ्याकडे बघत होती आणि मागे स्टुलावर तो केसपेपर उताणा पडलेला होता. त्यावर काय लिहिलंय ते तिला दिसत होतं, अक्षर कुणाचं आहे तेही.

चकती सरकलेली होती, ते खोटं नव्हतं. साठीतल्या कितीतरी माणसांची मान तशी दिसते आणि ती माणसं शेतात आरामात चालत असतात. काकांचा खरा बिघाड बी-बारा जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा असावा असं आता माझ्या डोळ्यांसमोर उघड दिसत होतं. वर्षानुवर्षांच्या त्या दोन गोळ्यांनी ते अंगात मुरू दिलं नव्हतं. इंजेक्शननं बरा होणारा आजार, पण लवकर ओळखला तर. उशीर झाला तर जेवढं गेलं तेवढं सगळं परत येत नाही. ऑपरेशनपूर्वी काढलेल्या रक्ताच्या रिपोर्टात तांबड्या पेशी आकारानं मोठ्या आहेत, म्हणजे बी-बारा कमी असल्याची खूण, असं यंत्रानं छापलंही होतं. ते कुणी वाचलं नव्हतं.

रक्त पाठवलं, इंजेक्शन सुरू करायची तयारी केली. मग केसपेपर घेऊन मी ड्युटी रूममध्ये गेले आणि लिहायला बसले. लिहिलं, ‘आज तपासणीत नव्याने आढळले की’. एवढ्यावर पेन थांबलं.

‘नव्याने’ या एका शब्दात मी सुटत होते. आजार वाढला, नवी लक्षणं दिसली, हुशार डॉक्टरनं वेळेत पकडली, ऑपरेशन टळलं. कुणी विचारणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला भीती सरांची होती. चार आठवड्यांनी माझ्या परीक्षेत आमच्या कॉलेजतर्फे परीक्षक तेच असणार होते. न तपासता लिहिते, अशी मुलगी त्यांच्यापुढे उभी राहणार आणि तिच्या प्रत्येक वाक्यावर ते मनात म्हणणार, हे तरी बघितलंय का हिनं? दुसऱ्यांदा नापास व्हायला माझी तयारी नव्हती. घरून फोन आला की वडील आता परीक्षेचं नाव काढत नसत, आणि ते मला विचारण्यापेक्षा जास्त लागायचं.

ज्युनिअर दारात उभी होती. मी तिला म्हटलं, “काय?” ती म्हणाली, “काही नाही मॅम. काकू विचारतायत, ऑपरेशन आहे का नाही.” मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. कारण काहीच नव्हतं, ती बरोबर होती एवढंच.

सर केबिनमध्ये होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, “त्या दिवशी नक्की काय काय तपासलं होतंस?”

“गुडघे, तळपाय, हातांची ताकद.”

“आणि बाकीचं?”

“वहीतून लिहिलं, सर.”

त्यांनी केसपेपर स्वतःकडे ओढला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, “त्या ओळी खोडायच्या नाहीत. एकच रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला काय खरं होतं ते लिही आणि सही कर. आजचं ते ‘नव्याने’ पण तसंच.” मी केलं. त्यांच्यासमोर, त्यांच्या टेबलावर. मग ते म्हणाले, “सर्जनशी मी बोलतो. पेशंटशी तू बोल. मला सांगितलंस तेच सांगायचं. सौम्य करून सांगायचं नाही.”

वॉर्डातल्या त्या पलंगापर्यंत पंचवीस पावलंसुद्धा नसतील. काका उशीला टेकून बसले होते, काकू संत्रं सोलत होत्या. मी सांगितलं की ऑपरेशनची गरज नाही, आजार वेगळा आहे, इंजेक्शनं घ्यायची आहेत. काकूंचा चेहरा उजळला. मला तिथंच थांबता आलं असतं. मी पुढं म्हणाले, “काकू, हे मागच्या वेळीच कळलं असतं. काकांची काही तपासणी मी केली नव्हती, तरी केली असं लिहिलं.”

“म्हंजी, तपासलंच नव्हतं?”

“काही तपासलं होतं. काही न तपासता लिहिलं.”

काका घाईनं म्हणाले, “असू दे, असू दे. गर्दी लई असती इथं. वेळ नसंल त्यांला.”

काकूंनी संत्र्याच्या फोडी कागदावर ठेवल्या. “वेळ नव्हता तर लिवायचं नाय,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मी मान डोलावली. आजवर मला अभ्यासाबद्दल अनेकांनी अनेक गोष्टी सांगितल्या, व्याख्यानं दिली, तक्ते पाठवले. त्या सगळ्यांत हे वाक्य मला सर्वांत जास्त उपयोगी पडलं, पण तेव्हा तसं काही वाटलं नाही. तेव्हा नुसती लाज वाटली.

काका म्हणाले, “मग ह्यो पट्टा काढू का, मॅडम?”

मी पुढे होऊन स्वतः तो सोडवला. खालची कातडी ओलसर, सोलवटलेली होती. ते हातानं मान चोळत राहिले आणि हसले, आणि मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. बी-बारा जवळजवळ नव्हतंच.

उरलेले चार आठवडे मी कसा अभ्यास केला ते सांगायला हवं, कारण आता नवीन मुलं मला तेच विचारतात: कुठली पुस्तकं, कुठले व्हिडिओ, किती तास. ग्रंथ मी वाचलाच. प्रश्नपेढीचे टोमणे खाल्ले. आकृत्या स्वतःच्या हातानं काढल्या, मेंदूच्या देठाचे छेद तर जुन्या कॅलेंडरांच्या मागे इतके काढले की घरमालकीणबाईंना वाटलं मी रांगोळ्यांची नक्षी काढतेय. त्याशिवाय रोज एक रुग्ण. कोरा कागद घेऊन जायचं, फिल्म नाही, आधीचा केसपेपर नाही. जे हातानं केलं तेवढंच लिहायचं. राहून गेलं तिथं ‘केले नाही’ असं लिहायचं. हे दोन शब्द लिहायला सुरुवातीला फार जड गेलं. एका कागदावर ते सात वेळा आले होते. ज्युनिअर ते तपासायची, आणि आता मी तिच्या हळूपणावर चिडत नव्हते. म्हणजे चिडत होते, पण गप्प बसत होते. माझी मांडणी पूर्वीइतकी सुबक राहिली नाही. मध्ये मध्ये अडखळायला लागले, कारण आता प्रत्येक वाक्याच्या आधी तो पाय, तो घोटा, तो माणूस आठवावा लागे.

परीक्षेत मला पार्किन्सनच्या एका आजी मिळाल्या. या आजारात पुष्कळदा वास येणं आधी जातं. सरांनी मला एकच प्रश्न विचारला, वास येतो का हे आजींना विचारलंस का? मी म्हटलं, “नाही सर, राहिलं.” ते ‘बरं’ म्हणाले आणि काहीतरी लिहिलं. निकाल लागेपर्यंत ते काय असेल या विचारानं माझी झोप उडाली होती. मी पास झाले.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी काका ओपीडीत आले. इंजेक्शनं नेमानं घेतली होती. स्वतःच्या पायांनी चालत आले, पण हातात काठी होती आणि नजर जमिनीवर. मी पूर्ण तपासलं, घड्याळ न बघता. बोटांची संवेदना थोडी परतली होती. घोटे अजून मुकेच होते.

काकूंनी सगळं होईपर्यंत वाट पाहिली. मग विचारलं, “दीड महिना आधी सुई चालू झाली असती, तर ही काठी लागली नसती का?”

मला यावर बोलता आलं असतं. आजार आधीच सहा महिन्यांचा होता, प्रत्येकाचं शरीर वेगळं, असं बरंच काही, आणि त्यातलं काही खोटंही नसतं. “कदाचित लागली नसती,” मी म्हणाले. “नक्की मला सांगता येत नाही, काकू.”

त्यांनी मान हलवली आणि कागद पिशवीत भरायला घेतले. काका काठी सावरत उठले. दाराशी जाऊन थांबले आणि मागे वळून म्हणाले, “मॅडम, तुमची परीक्षा व्हती म्हनत होत्या त्या दुसऱ्या डॉक्टरीणबाई. पास झाल्या का?”

“झाले, काका.”

“लई बेस झालं,” ते म्हणाले. मनापासून आनंद झाला होता त्यांना. “आमच्या पायावर शिकल्या म्हनायच्या तुमी.”

त्यात टोमणा नव्हता. मी खूप शोधला.